साताऱ्यावरून जाणारी सहल

५ फेब्रुवारी, बुधवार

आज सात सत्कार वाचले! एका बुलेटिनमध्ये सात! विश्वजित सरांना म्हटलं, सर, सांगलीत सत्कार न झालेला माणूस आता शोधावा लागेल. म्हणाले, "सापडला की त्याचाही करू." चॅनल त्यांचंच, त्यांना काय. सत्कार सोडले तर हळदीचा भाव, विश्रामबागला पाणी नाही, आणि नदीत घाटाजवळ मगर दिसली. मोबाईलवर सगळ्यात जास्त लोकांनी बघितली ती मगर.

घरी आले तर सासूबाईंची बॅग भरणं चालू. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांना आई म्हणतेय, पण अजून त्यांच्यासमोर खुर्चीत नीट टेकून बसवत नाही. शनिवारी त्यांच्या महिला मंडळाची सहल आहे — वाई, पाचगणी, महाबळेश्वर, एक मुक्काम. म्हटलं, मी घड्या घालून देऊ का? "नको. तू टीवीवर केस बांधत जा आधी. बातमी सांगतीस का लग्नाला निघालीस?"

बरं!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आई दोन दिवस जाणार म्हटल्यावर आमचे सासरे, आप्पा, घरात उगाच फिरतायत. तासगावात आयुष्यभर बेदाण्याचा व्यापार केला, अख्ख्या बाजाराला धाक. घरात दिवसाला चार वाक्यं बोलतात. आज मात्र — "डायवर कोण हाय?" मग थोड्या वेळाने, "घाटात सावकाश घ्यायला सांग म्हणावं." मग परत, "गोळ्या घेतल्या का तिनं?" हे सगळं मला. आई शेजारच्याच खोलीत!

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून दिली. चटणी जाड राहिली म्हणे.

८ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

काहीतरी करत राहायला हवं म्हणून लिहितेय. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलंय. बाहेर माणसं भरलीत.

पसरणी घाटात बस उलटली. आईंची बस.

बातमी आधी माझ्याकडेच आली. ऑफिसात होते. वाईच्या वार्ताहराचा मेसेज — सांगलीच्या महिलांची खासगी बस, ब्रेक लागले नाहीत, ड्रायव्हरने दरीकडे न जाऊ देता डोंगराच्या अंगाला घातली, बस आडवी झाली. मी वाचलं आणि सवयीने पहिलं वाक्य जुळवायला लागले. 'सांगलीहून सहलीसाठी निघालेल्या...' तिथे बोटं थांबली.

माझा नवरा भरतेश तासगावला होता. त्याला कळवलं. तो आईंच्या मोबाईलवर फोन लावत राहिला. कितीतरी वेळाने उचलला तो बनुकाकूंनी. मंडळाच्या अध्यक्ष, आईंची लहानपणापासूनची मैत्रीण. मागे नुसता आरडाओरडा. भरतेशने विचारलं, आई कुठंय? तर काकू रडत म्हणाल्या, "गुणमाला न्हाई रं बाबा... ती न्हाई —" आणि फोन कट. परत लागलाच नाही.

भरतेश तसाच गाडी काढून वाईला गेला. तिथून आत्ता फोन आला. दवाखान्यात सगळ्या बायका आहेत. कुणाचा हात, कुणाचं डोकं. बनुकाकूंना ऑपरेशनला आत घेतलंय, बोलता येत नाही. आई कुठेच नाहीत. त्यांची बॅग मात्र बसमध्ये मिळाली. खिडक्यांच्या काचा फुटल्यात, पोलीस रस्त्याच्या खाली उतरून शोधतायत.

"दरीत?" मी विचारलं. त्याने फोन ठेवला.

खोटं कशाला लिहू? माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली — आता माझ्या लेकीची, तेजलची, वेणी रोज सकाळी कोण घालणार! लाज वाटली. आणि मग रडू आलं ते थांबेना.

आप्पा बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेत. कुणी हात हातात घेतला तरी त्यांना कळत नाहीये. बायकांनी णमोकार सुरू केलाय. कोपऱ्यावरच्या त्या भावी नगरसेवकाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलीसुद्धा! आईंचा फोटो गेल्या वर्षीच्या हळदीकुंकवातला, आणि खाली त्याचा स्वतःचा, हात जोडलेला, आईंच्या दुप्पट. सगळ्या ग्रुपवर फिरतोय. कुणीतरी हार पण आणून ठेवलाय. टीपॉयवर, पिशवीत. पिशवी ओली झालीय.

विश्वजित सरांचा फोन आला. बाकीच्यांनी बातमी चालवली, म्हणाले. नावासकट. "तुझ्या घरची आहे म्हणून तुलाच विचारतो. लावू का?"

म्हटलं, नाही.

"स्वप्नाली, अगं सगळीकडे —"

"सर, कुणी बघितलंय का त्यांना? कुणीही? मग नाही."

फोन ठेवला. एवढं जोरात मी सरांशी कधी बोलले नव्हते.

त्याच दिवशी, अडीच-तीन वाजता

आहेत! आहेत! आई आहेत!

चॅनलवर खाली पट्टीत जो नंबर फिरतो तो माझाच. त्यावर फोन आला. अनोळखी माणूस, जरा बिचकत बोलत होता.

"बातम्यांचं ऑफिस का? ते... गुणमाला मगदूम वारल्याचं मोबाईलवर फिरतंय. ते चुकीचं आहे, मॅडम. त्या आमच्याकडे आहेत. साताऱ्यात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जिवंत आहेत हो. चहा घेतायत. बिनसाखरेचा."

"तुम्ही कोण?"

"मी धैर्यशील."

"कोण धैर्यशील?"

तिकडे कुणाशीतरी कुजबुजला. मग म्हणाला, "ब्राह्मीचा नवरा."

मी ओट्याशी खालीच बसले.

ब्राह्मी. माझी नणंद. जिला मी कधी बघितलेलं नाही. मी या घरात आले त्याच्या दोन वर्षं आधी ती गेली होती. आम्ही जैन, आणि तिने जातीबाहेर लग्न केलं, साताऱ्याकडच्या मराठ्याशी. आप्पांनी तिचे फोटोसुद्धा उतरवले. लग्नानंतर एकदा भरतेशला विचारलं होतं, तर म्हणाला, "हे नाव आप्पांसमोर काढू नको." संपलं. तेव्हापासून माझ्यासाठी ती म्हणजे भिंतीवरच्या खिळ्यांच्या खुणा.

मग आईंचाच आवाज आला. "कोण, स्वप्नाली? अगं माजी बॅग बी बसमदीच ऱ्हायली आनि मोबाईल बी, चार्जिंगला लावलेला, नंबर समदे त्यातच. बाकीच्या बऱ्या हाईत का? बनी कशी हाय?"

मी रडतच होते.

"रडतीस काय? तेजल जेवली का?"

बाहेर गेले. आप्पांच्या समोर गुडघ्यांवर बसले. म्हटलं, आप्पा, आई आहेत. बसमध्ये नव्हत्याच. साताऱ्याला उतरल्या होत्या. बऱ्या आहेत. मी स्वतः बोलले.

आप्पांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग भिंतीचा टेकू सोडून पुढे सरकले.

"कुणाकडं उतरली?" खोलीतल्या बायका रडत-हसत असताना त्यांनी एवढंच विचारलं.

"ओळखीच्यांकडे."

भरतेशला फोन केला. आधी 'आहेत' म्हटलं, मग 'साताऱ्याला', मग नाव. तो गाडीतच हुंदके देऊन रडला. मी ऐकत राहिले. फोन ठेवावासा वाटला नाही.

विश्वजित सरांना कळवलं. म्हणाले, "ही बातमी चालवू?" म्हटलं, चालवा. मोठ्याने चालवा!

९ फेब्रुवारी, रविवार

काल राहिलेलं आज लिहिते. अंग ठणकतंय, जणू मीच बसमध्ये होते.

दिवेलागणीला भरतेश आईंना घेऊन आला. निम्मी गल्ली दारात. आई गाडीतून उतरल्या त्या पदर सारखा करत. तेजल धावत जाऊन कमरेला मिठी मारून म्हणाली, "आजी, तू मेली होतीस?"

"न्हाई गं. च्या पीत हुते."

सगळे हसले. इतकं की शेजारच्या काकूंना ठसका लागला. कुणीतरी तो हार लपवायला गेलं, तर आईंनी बघितलाच. "ह्यो कुनी आनला? बराय की. देवाला घाला, वाया कशाला घालवताय!"

आप्पा आतून दारापर्यंत आले. इतक्या माणसांत आईंच्या खांद्याला हात लावला. मी हे कधी बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नसेल. हात तसाच ठेवून म्हणाले, "साताऱ्यात कुणाकडं हुतीस?"

भरतेशने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. मला वाटलं, आई सांगतील कुणाचंतरी नाव. मंडळाच्या कुणा बहिणीचं, मावशीचं. सहज खपलं असतं. त्या क्षणी आप्पांना काहीही खपलं असतं.

आई म्हणाल्या, "लेकीकडं."

पंखा तेवढा फिरत होता.

आप्पांचा हात खाली आला. ते आत गेले आणि खोलीचं दार लावून घेतलं. माणसं एकेक करून चपला शोधायला लागली.

सूर्यास्तानंतर आमच्याकडे कुणी जेवत नाही. म्हणजे दिवसभर कुणाच्या पोटात काही नाही आणि आता रात्रभरही नाही! आई मात्र आपल्या शांत. पाय धुतले, तेजलची विस्कटलेली वेणी सोडून परत घातली. मी जवळ बसले. टेकून बसले. त्या काही बोलल्या नाहीत.

आज सकाळी पातेलंभर पोहे केले. सगळे संपले. आप्पांनी दोनदा घेतले. बोलले एकदाही नाहीत.

१० फेब्रुवारी, सोमवार

भावी नगरसेवक घरी आला, पुष्पगुच्छ घेऊन. श्रद्धांजलीची काळी चौकट काढून भगवी लावलीय, फोटो तेच, वर 'पुनर्जन्माबद्दल हार्दिक अभिनंदन'. आई म्हणाल्या, "बाबा, पुढच्या बारीला माजा फोटो तुज्याएवढा तरी कर."

बुलेटिनमध्ये ड्रायव्हरची बातमी मी पहिली घेतली. वाईच्या दवाखान्यात पडलाय, पायाला प्लास्टर. त्याने डोंगराच्या बाजूला घातली नसती तर आज आम्ही काय वाचलं असतं! कुणीही गेलं नाही. एकसुद्धा नाही. हे वाक्य वाचताना माझा आवाज हलला. सर म्हणाले, परत घेऊ. मग स्वतःच म्हणाले, राहू दे.

सत्कार एकच होता आज. त्याच ड्रायव्हरचा, जाहीर झालाय. हा वाचताना कंटाळा आला नाही.

केस बांधले होते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बनुकाकूंना सांगलीला हलवलं. भेटून आले. हात गळ्यात, कपाळाला टाके, तरी तोंड चालू. मला बघून आधी रडल्या. "मी म्हणत हुते, ती न्हाई, ती गाडीत न्हाई, साताऱ्याला उतरली. निम्म्यात फोन मेला! माज्या तोंडानं पोराला केवढं दुखणं दिलं गं!"

मग सगळं सांगितलं. मी खुर्चीवरून पडायचीच बाकी होते.

दरवर्षी! मंडळाची सहल दरवर्षी साताऱ्यावरूनच जाते. कास पठार झालं, ठोसेघर झालं, वाई दोनदा, महाबळेश्वर तर विचारूच नका. आई सकाळी साताऱ्याला उतरतात, बाकीच्या पुढे जातात, दुसऱ्या दिवशी येताना आईंना उचलतात. सगळ्या बायकांना माहीत. सगळ्या! कुणाच्या सुनेला नाही, नवऱ्याला नाही, कुठे एक शब्द फुटला नाही. गेल्या वर्षी एका नवीन सभासदाने पन्हाळ्याला जाऊया म्हटलं, तर सगळ्यांनी मिळून पन्हाळ्याला नावं ठेवली. वारा लागतो, पायऱ्या आहेत, बघण्यासारखं काही नाही!

"आनि आमाला महाबळेश्वरचा वीट आलाय बघ," काकू म्हणाल्या. "त्या स्ट्रॉबेरीचं तोंड बघवत न्हाई. पर गुणमालाला लेक दिसती ना वर्साकाठी."

अपघातानंतर रस्त्याकडेला बसलेल्या असतानासुद्धा पोलिसांनी विचारलं, तर एकीनेही साताऱ्याचं नाव काढलं नाही. प्रत्येकीला वाटलं, बनुकाकू सांगतील, आपण कसं बोलायचं? शपथ घातलेली! त्यामुळे पोलीस दरीत शोधत बसले आणि आमच्या घरी हार आला. रागवावं का काय करावं कळेना. शेवटी दोघी हसत सुटलो. काकूंचे टाके ताणले, नर्स ओरडली.

आणि मी म्हणे सांगलीच्या बातम्या सांगते! इतकी मोठी बातमी माझ्या घरातून वर्षाला एकदा बॅग भरून जात होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आप्पा आज आईंशी बोलले. अंगणात. मी दोरीवर कपडे घालत होते, पुढे जाता येईना, मागे येता येईना. चादरीमागे उभी राहिले.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं?"

"न्हाई."

"मग?"

चपला वाजल्या. मला वाटलं, आत गेले. मग आईंचा आवाज आला, एकदम हळू. "शनवारी तुमी मला गेली म्हणून बसला हुता न्हवं. किती जड गेलं?"

आप्पा खाकरले.

"मी तर हिथं तुमच्या फुडं लेकीसाठी तशीच बसत आले, आवं. तिचं नाव न घेता. तुमाला कदी दिसलं का?"

मी ओली चादर तोंडाला लावली. थंडगार.

आप्पा उठून बाहेर गेले. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. परत गेले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी आप्पांनी मला हाक मारली. मी घाबरतच गेले. मला वाटलं, 'ओळखीच्यांकडे' म्हटलं त्याचं काढणार. तर विचारलं, "तुला फोन कुनी केला हुता?"

"धैर्यशीलनी."

"काय म्हनाला?"

जसंच्या तसं सांगितलं. बिनसाखरेच्या चहासकट.

"तिची साखर त्याला म्हाइत हाय?"

"हो. डॉक्टरांकडे पण तेच नेतात म्हणे. दरवर्षी एकदा तपासून आणतात साताऱ्यात."

आप्पा खिडकीतून बाहेर बघत राहिले. "पोरं किती हाईत तिला?"

मला माहीत नव्हतं! नणंदेला मुलं किती, हे मला माहीत नव्हतं. म्हटलं, आईंना विचारते. तर हात हलवून नको म्हणाले. मी दारातून वळले तर मागून म्हणाले, "त्या दिवशी तू बातमी लावू दिली न्हाईस म्हनं. विश्वजित भेटला हुता."

"हो, आप्पा."

"चांगलं केलंस."

बारा वर्षांत पहिल्यांदा! भरतेशला सांगितलं तर त्याला खरंच वाटेना. तोही हलका झालाय. परवापासून बहिणीशी रोज फोनवर बोलतो, गच्चीवर जाऊन. मला म्हणाला, तूही बोल. मला काय बोलावं सुचलं नाही. म्हटलं, पुढच्या वेळी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आई तेजलला म्हणत होत्या, "पुढच्या वर्सी सहल कुटं न्यायची?" तेजल म्हणाली, पन्हाळा. आई म्हणाल्या, "बघू. त्या वाटेत सातारा लागत न्हाई."

आप्पा पेपर वाचत होते. पान उलटलं नाही बराच वेळ.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आप्पा घरात नव्हते. बस्तीत दर्शनाला गेले असतील म्हणून कुणी शोधलं नाही. आई म्हणाल्या, नवी टोपी घालून गेल्यात, कुनाचं लगीन हाय का आज?

अकराच्या सुमाराला माझा फोन वाजला. साताऱ्याचा नंबर. बाईचा आवाज, आईंसारखाच, फक्त तरुण.

"वहिनी, मी ब्राह्मी. आप्पा दारात उभे आहेत. विचारतायत, येऊ का?"